खोक्याचं गॅरेज, दोन मुलं आणि डिंक: कोणता घ्यावा, कसा लावावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाच वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. मोठ्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून खेळण्यातल्या गाड्यांसाठी दोन मजली गॅरेज करायला घेतलंय, वरून खाली गाड्या सोडायला उतारही आहे. बाटलीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेला मुलांचा पांढरा डिंक वापरला. सकाळी बघतात तर वरचा मजला खाली आलेला आणि उतार सुटलेला. ओळखीतल्या कुणीतरी सल्ला दिला, ग्लू गन (डिंकाची कांडी वितळवून लावायचं यंत्र) आणा, दोन मिनिटांत काम होईल. पण धाकट्याची बोटं सारखी तोंडात, आणि थोरलीला सगळं स्वतःच्या हातांनी करायचं असतं. तर मुलांसाठी सुरक्षित आणि तरीही मजबूत असा डिंक कोणता?

मी बरीच वर्षं मुलांच्या पुठ्ठाकामाच्या कार्यशाळा घेते, आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक पालकाकडून येतो. माझं मत आधीच सांगून टाकते: तुमचा डिंक बहुधा पुरेसा मजबूत होता. पुठ्ठा म्हणजे शेवटी कागद. साधा पांढरा डिंक नीट वाळला, की जोड ओढल्यावर कागदाचे तंतू आधी फाटतात, डिंक जागचा हलत नाही. त्याहून जहाल डिंक आणून कागद काही जास्त मजबूत होणार नाही. तरीही लोक ग्लू गनकडे किंवा सुपरग्लूकडे वळतात, कारण पांढरा डिंक वाळेपर्यंत जोड धरून ठेवायचा कुणी, हा प्रश्न सुटलेला नसतो. घाई भागवायला आपण भाजण्याची किंवा बोटं चिकटण्याची जोखीम घरात आणतो. म्हणून खरा प्रश्न मी असा मांडेन: जोड कसा केला म्हणजे साध्या डिंकावर भागेल, आणि तो वाळेपर्यंत धरून कसा ठेवायचा?

अर्थात काही गोष्टी परिस्थितीवर आहेतच. मूल किती वर्षांचं आहे, त्याहीपेक्षा ते वस्तू तोंडात घालतं का. जोडावर वजन येणार आहे की ती नुसती सजावट आहे. पुठ्ठा साधा खाकी आहे की छापील, गुळगुळीत. आणि वस्तू आजच खेळायला हवी आहे की उद्या चालेल. शेवटची गोष्ट बारीकसारीक वाटते, पण निम्मे निर्णय तीच घेते.

तेव्हा नवीन काही आणण्याआधी सुटलेला जोड हातात घ्या आणि उजेडात नीट बघा. सुटलेल्या जागी कागदाचा पापुद्रा निघून डिंकाला चिकटून आला असेल, तर डिंकाने आपलं काम चोख केलं, पुठ्ठा हरला. इलाज जोडाची रचना बदलणं. एका बाजूला डिंकाचा चकचकीत, गुळगुळीत थर आणि समोरची बाजू कोरी असेल, तर डिंक तिथे धरलाच नाही: एकतर तो पृष्ठभाग छापील आणि लॅमिनेट केलेला होता, किंवा डिंकावर साय धरल्यानंतर दुसरा तुकडा टेकवला. दोन्ही बाजू कोरड्या आणि डिंकाचा फक्त डाग दिसत असेल, तर डिंक सगळा कागदाने पिऊन टाकला, जोडासाठी उरलाच नाही. कापलेल्या कडेवर हे नेहमी होतं. आणि बोट लावल्यावर अजून ओलसर, पांढरट लागत असेल, तर वेळ कमी पडला. रात्रभर ठेवूनही ओलं कसं, असं वाटेल. पण दोन जाड पुठ्ठे समोरासमोर चिकटवले आणि मध्ये डिंकाचं तळं झालं, तर त्यातलं पाणी बाहेर जाणार कुठून?

कारण पांढरा डिंक वाळतो तो पाणी गेल्यामुळेच. हा डिंक म्हणजे पीव्हीए, पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट या प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेले. पाणी काही हवेत उडतं, काही कागद शोषून घेतो, कण एकमेकांजवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि पारदर्शक पापुद्रा तयार होतो. पांढऱ्याचा पारदर्शक झाला म्हणजे वाळला, ही खूण पाच वर्षांच्या मुलालाही कळते आणि त्याला ती बघायला आवडतेही. पातळ थर असेल तर अर्ध्या-पाऊण तासात जोड हाताळता येतो, पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास. दमट हवेत जास्त. आणि खोली फार थंड असेल तर कण नीट मिसळतच नाहीत, पापुद्रा खडूसारखा पांढरा आणि ठिसूळ राहतो. मग तो जोड सोडून द्यायचा, तो पुढे वाळूनही सुधारत नाही.

पीव्हीएमध्येही प्रकार आहेत आणि इथे तुमची थोडी फसगत झालेली असू शकते. मुलांसाठी म्हणून विकला जाणारा 'वॉशेबल' डिंक मुद्दाम असा बनवलेला असतो की वाळल्यावरही पाण्याने सुटावा, म्हणजे कपड्यांचे डाग धुता येतात. साहजिकच त्याची पकड कमी, आणि ओलाव्यापुढे तर फारच कमी. शुभेच्छापत्रं, चिकटचित्रं यांसाठी उत्तम. पण ज्याच्यावर मजला उभा राहायचा आहे तिथे साधा क्राफ्टचा पांढरा डिंक घ्या, किंवा पाण्यातला, द्रावक (थिनरसारखं उडून जाणारं रसायन) नसलेला, लाकडासाठीचा पांढरा डिंक. तो दाट असतो, लवकर धरतो. त्याचा डाग कपड्यावर वाळला तर मात्र सहसा जात नाही, म्हणून ओला असतानाच गार पाण्याने धुवायचा. लाकडासाठीच्या काही डिंकांत पाण्यापासून बचावासाठी वेगळी रसायनं असतात. आपल्याला गॅरेज पावसात ठेवायचं नाही, तेव्हा 'वॉटरप्रूफ' शब्द दिसला की ती बाटली परत ठेवा.

आता बाटलीवरच्या मजकुराबद्दल. नुसतं 'नॉन-टॉक्सिक' हे शब्द फार काही सांगत नाहीत. कुणी तपासलं, कशाच्या आधारे लिहिलं, ते सोबत हवं. 'एएसटीएम डी-४२३६' हा उल्लेख बऱ्याच कलासाहित्यावर दिसतो. त्याचा अर्थ लोक 'सुरक्षित' असा घेतात, तो तसा नाही. तो लेबलाचा नियम आहे: दीर्घकाळच्या वापरातून होऊ शकणाऱ्या अपायासाठी माल तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचा आणि धोका असेल तर लेबलावर तसा इशारा छापायचा. अमेरिकेत १९८८च्या कायद्याने तो बंधनकारक झाला. म्हणजे हा क्रमांक आणि त्याच लेबलावर धोक्याची सूचना, असं दोन्ही एकत्र असू शकतं. म्हणून क्रमांकावर थांबू नका, खालची बारीक अक्षरं वाचा. 'एपी' हे गोल चिन्ह त्यापुढचं आहे. तो माल विषतज्ज्ञांनी तपासून मुलांसकट सगळ्यांसाठी अपायकारक नाही असं ठरवलेलं असतं. खेळण्यांसाठीचं युरोपचं मानक 'ईएन ७१' हेही चांगलं लक्षण. आणि वाचायला वेळ नसेल तर उलट बाजूने बघा: लाल किनारीच्या चौकोनात ज्योत, उद्गारचिन्ह किंवा छातीवर चांदणी असलेली माणसाची आकृती दिसली, की ती वस्तू मुलांच्या हातात द्यायची नाही.

एक गोष्ट कुठलंच लेबल सांगत नाही. 'नॉन-टॉक्सिक'चा संबंध पोटात किंवा अंगात जाण्याशी आहे. भाजणं, चिकटणं, डोळ्यांत उडणं, वाळलेला गोळा घशात अडकणं यांच्याशी नाही. ग्लू गनची कांडी नॉन-टॉक्सिक असू शकते आणि बोट तरीही भाजतं.

धाकट्याने पांढरा डिंक थोडासा चाटला तर सहसा फार तर पोट जरासं बिघडतं. घाबरून जाऊ नका, तोंड धुवा, पाणी द्या. बरंच गिळलं असेल किंवा उलट्या, खोकला असं काही दिसलं, तर बाटली हातात घेऊन डॉक्टरांना फोन करा. लेबलावरचा मजकूर त्यांना लागतो. आणि एक पथ्य पाळाच: डिंक कधीही पेल्यात किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. दिसायला तो हुबेहूब दूध असतो. मी पसरट झाकणात जेमतेम लागेल तेवढाच काढून देते. पाण्यातल्या डिंकांत ते कुजू नयेत म्हणून परिरक्षक असतात, आणि काही मुलांच्या त्वचेला त्यांची अ‍ॅलर्जी येते. बोटांच्या बेचक्यात लाली, खाज वारंवार दिसली तर हाताने फासणं बंद करून ब्रश द्या आणि ब्रँड बदलून बघा.

आता मुख्य विषय, जोड.

खोक्याच्या पुठ्ठ्याची कापलेली कड जरा निरखून बघा. वर एक कागद, खाली एक कागद, मध्ये लाटा. ही कड दुसऱ्या पुठ्ठ्यावर उभी टेकवली, तर खरं टेकतं काय? दोन पातळ कागदांच्या धारा आणि लाटेची एक वळणदार रेघ. बाकी सगळी पोकळी. तिथे लावलेला डिंक पोकळीत उतरतो आणि उरलेला धारा पिऊन टाकतात. बहुतेक मजले पडतात ते इथेच, आणि मूल म्हणतं, डिंक वाईट आहे.

दुसरी गोष्ट, जोर कुठल्या दिशेने येतो. स्टिकर कोपऱ्यातून सोलायचा म्हटलं तर सहज निघतो, पण तोच जागच्या जागी सरकवायचा म्हटलं तर नखं दुखतात. डिंक सरकवण्याच्या जोराला भक्कम असतो, सोलण्याच्या जोराला कच्चा. म्हणून जोड असा बेतायचा की वजन आलं तरी सोललं जाऊ नये.

तुमच्या गॅरेजच्या मजल्याला याचा अर्थ असा. मजल्याची कड भिंतीला नुसती चिकटवू नका. दोन-तीन बोटं रुंद पट्टी कापा, मधोमध दुमडा. दुमडायच्या रेषेवर रिकाम्या रिफिलने किंवा पट्टीच्या कडेने आधी दाबून रेघ ओढली की घडी सरळ येते. ही काटकोनी पट्टी भिंतीला मजल्याच्या खालून चिकटवायची आणि मजला तिच्यावर ठेवायचा. आता धारेऐवजी बोट-दीड बोट रुंदीचा सपाट भाग डिंकाला मिळाला, आणि वजनाचा जोर भिंतीला समांतर, सरकवण्याच्या दिशेने गेला. एवढ्यानेच तुमचा तोच डिंक पुरला असता.

याहून चांगलं करायचं असेल तर मजल्याला जिभा ठेवा. म्हणजे मजला कापताना दोन्ही बाजूंना दोन-दोन तुकडे पुढे आलेले ठेवायचे, भिंतीत त्यांच्या मापाच्या चिरा पाडायच्या आणि जिभा आरपार घालायच्या. वजन सगळं पुठ्ठा पेलतो, डिंक फक्त हलू देत नाही. चीर पुठ्ठ्याच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवा, जीभ दाबून बसली पाहिजे. सैल झाली तर जाड कागदाची पाचर मारा. आतल्या आडव्या-उभ्या पडद्यांना दोघांनाही अर्ध्यापर्यंत खाच पाडून एकमेकांत अडकवलं तर डिंकाशिवायही उभं राहतं. नऊ वर्षांची मुलगी हे रेखाटू शकते, मोजू शकते. कापण्याचं काम तुमचं, आणि इथे मी कडक आहे: डिंकाची एवढी काळजी करणारे पालक मुलांच्या हातात कटर बिनदिक्कत देतात, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

लाटांची दिशाही बघा. भिंतीत लाटा उभ्या हव्यात, उतारात लांबीच्या दिशेने. आडव्या लाटांचा उतार पहिल्याच जड गाडीला मध्ये बसतो, मग डिंक कुठलाही लावा. उताराचं वरचं टोक मजल्याला टेकवून चिकटवण्यापेक्षा तीन बोटं दुमडून मजल्याच्या वरून आडवं चिकटवा. मुलं उतारावर हात टेकतात, वरून दाबतात, कधी बसायलाही बघतात. खालून एक त्रिकोणी टेकू द्या.

डिंक लावायचा तो पातळ. मूल बाटली दाबतं तेव्हा डिंकाची नागमोडी धार येते, ती तशीच दाबली की डिंक बाजूने बाहेर येतो, पुठ्ठा भिजतो, फुगतो आणि वाळताना बाक धरतो. पुठ्ठ्याचा एक छोटा तुकडा हातात द्या आणि डिंक खरवडल्यासारखा पसरवायला सांगा, खालचा खाकी रंग दिसत राहील इतका पातळ. वजनाच्या जोडाला मी दोन्ही बाजूंना असा हात मारते, पहिला थर कागदात जिरू देते, मग एका बाजूला पुन्हा पातळ हात आणि लगेच दाबणं. कापलेल्या कडांना तर हे करावंच लागतं. छापील, चकचकीत बाजू असेल तर तिथे सँडपेपर घासा किंवा वरचा कागद सोलून काढा. मेणाचा हात दिलेल्या खोक्यांच्या नादी लागू नका, त्यांना पाण्यातला कुठलाच डिंक धरत नाही.

आणि मग धरून ठेवणं. इथेच ग्लू गनचा मोह होतो, आणि इथेच मास्किंग टेप कामाला येते. डिंक लावलेला जोड टेकवला की त्याच्यावरून आडव्या दोन-तीन टेपच्या पट्ट्या ताणून लावा. मुलाच्या दृष्टीने भिंत उभी राहिली, काम झालं, पुढच्या भिंतीकडे जाता येतं. आत डिंक आपल्या सवडीने वाळतो. दुसऱ्या दिवशी टेप हलकेच काढा किंवा रंगाखाली राहू द्या. ही टेप हाताने फाटते, कात्री लागत नाही, चुकली तर उचलून परत लावता येते. पाच वर्षांच्या हाताला याहून चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही. काटकोनी पट्ट्यांना कपड्यांचे चिमटे लावा, चिमट्याच्या दातांखाली पुठ्ठ्याचा फालतू तुकडा ठेवा म्हणजे खड्डा पडत नाही. सपाट थर चिकटवायचे असतील तर मध्ये प्लास्टिकचा कागद घालून वर जाड पुस्तकं. चिमटे लावणं हे धाकट्याचं खातं करून टाका. त्याची बोटं तेवढा वेळ तरी तोंडाबाहेर राहतात.

बाकीच्या पर्यायांबद्दल भराभर. ग्लू स्टिक कागदावर कागदासाठी आहे. १९६९ मध्ये हेन्केलने लिपस्टिकच्या धर्तीवर ती पहिल्यांदा आणली तेव्हाही उद्देश तोच होता. गॅरेजवर रंगीत कागद, पाट्या, खिडक्या चिकटवायला ती द्या, सांडत नाही. जाड पुठ्ठ्याचा भार तिच्यावर टाकू नका. दुहेरी टेप लगेच धरते आणि ओलं करत नाही, पण सततच्या वजनाखाली हळूहळू सरकते, म्हणून दारं-पाट्यांसाठी ठीक, मजल्यासाठी नाही. उघड-मीट करायच्या दारांना डिंक नकोच. दोरा ओवून बांधा.

आणि खळ. अजून हातातली वस्तू चाखून बघणाऱ्या मुलासाठी मी खळच करते. एक भाग पीठ, चार-पाच भाग पाणी, आधी गार पाण्यात गुठळ्या मोडायच्या आणि मग ढवळत शिजवायचं, पांढुरका रंग जाऊन ते थोडं पारदर्शक, चकचकीत दिसेपर्यंत. स्टार्चचे कण साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे फुगून फुटतात तेव्हाच त्याला चिकटपणा येतो, आणि कच्च्या पिठात जंतू असू शकतात म्हणूनही शिजवणं सोडू नका. मुलाला गव्हाची अ‍ॅलर्जी किंवा सीलिअ‍ॅकचा त्रास असेल तर मक्याचं स्टार्च घ्या. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, वास बदलला की फेकायची. खळीची पकड कमजोर असते असा समज आहे, पण तुम्ही ज्या खोक्याचा पुठ्ठा कापताय त्याच्या लाटा वरच्या-खालच्या कागदाला कारखान्यात स्टार्चच्याच डिंकाने चिकटवलेल्या असतात. तिची खरी अडचण ओलावा. खळीत पाणी फार, त्यामुळे पुठ्ठा बाक धरतो आणि वाळायला वेळ लागतो. कागदाचे थर चढवायला ती उत्तम, मजल्याच्या पट्ट्यांना पांढरा डिंकच.

मुलांच्या कामाच्या टेबलावर जे येताच कामा नये ते आता सांगते. सुपरग्लू, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. ओलाव्याचा अंश मिळाला की तो सेकंदांत कडक होतो, आणि आपल्या कातडीवर तो ओलावा कायम असतो. शिवाय सुती किंवा लोकरी कापडावर सांडला तर तो इतका झपाट्याने घट्ट होतो की त्या उष्णतेने खालची कातडी भाजू शकते. गंमत म्हणजे जाड पुठ्ठ्यावर त्याचा उपयोगही बेताचा. पातळ असल्याने तो तंतूंत शोषला जातो आणि जोड ठिसूळ होतो. बोटं चिकटलीच तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू चोळत सोडवा. डोळ्यांत गेला तर पापण्या ओढून उघडायच्या नाहीत, कोमट पाण्याने धुवत थेट डॉक्टरांकडे. त्याची नळी औषधांच्या, डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या जवळपास ठेवू नये. घाईत अदलाबदल झाल्याची प्रकरणं नेत्रतज्ज्ञांकडे येत असतात.

दुसरा, पिवळसर रबरी सोल्यूशन, चपला-बूट आणि लॅमिनेट चिकटवायचं. त्यात टोल्युइन, हेक्सेन असे द्रावक असतात. ते पेट घेतात, त्यांची वाफ डोकं जड करते आणि हेक्सेन तर सतत अंगात जात राहिलं तर नसांना इजा करतं. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, म्हणजे मुलं जमिनीवर बसून काम करतात नेमकी तिथे. खिडकी उघडली म्हणून चालेल, असं माझ्या मते होत नाही. स्प्रेचा डिंकही त्याच पंक्तीत, त्यात फवारा नाकात जाण्याची भर.

राहता राहिली ग्लू गन. मी तिच्या विरोधात नाही, माझ्याकडे दोन प्रकारच्या आहेत. पण ती काय आहे हे समजून घ्या. कांडी ईव्हीए नावाच्या प्लास्टिकची असते. कमी तापमानाची गन ती साधारण १२० अंशांना वितळवते, जास्त तापमानाची १९० अंशांच्या आसपास. म्हणजे 'लो टेम्परेचर' लिहिलेली गनसुद्धा उकळत्या पाण्यापेक्षा गरम. पाणी निदान ओघळून जातं. वितळलेला डिंक कातडीला चिकटून बसतो आणि उष्णता देत राहतो. पुठ्ठ्यावर आणखी एक गंमत होते: लाटांच्या बोगद्यांतून तो वाहतो. मूल एका कडेला डिंक लावून पुठ्ठा दाबतं आणि गरम थेंब भलतीकडूनच, नेमका बोटाखालून बाहेर येतो. मी पाहिलेले बहुतेक चटके गनच्या टोकाचे नव्हते, या दाबण्याचे होते.

म्हणून पाच वर्षांच्या मुलाला गन नाही, आणि ती चालू असताना तो त्या टेबलापाशीही नाही. वायर खाली लोंबत असेल तर गन त्याच्या डोक्यावर यायला एक हिसका पुरतो. नऊ वर्षांच्या मुलीला? मुलीवर आहे. सांगितलेलं ऐकून मग हात हलवणारी असेल, तर कमी तापमानाची गन, केस बांधलेले, तुम्ही शेजारी बसलेले आणि टेबलावर एकच गन, इतक्यावर मी देते. दाबायचं ते बोटाने नाही, लाकडी ठोकळ्याने किंवा चमच्याच्या पाठीने. डिंक कडेपासून बोटभर आत. काम झालं की प्लग काढलेला, आणि गन थंड होईपर्यंत मुलांच्या हाताबाहेर. तुम्ही मध्येच उठणार असाल तर गन बंद करूनच उठा. आणि तरीही मजला तिने लावू नका. गरम डिंक पुठ्ठ्याच्या वरच्या कागदालाच धरतो, आतवर जिरत नाही, आणि कडक उन्हात किंवा बंद गाडीत तो मऊ पडतो. खिडकीची चौकट, झेंडा, दिव्याचा खांब यासाठी ठीक.

चटका बसलाच तर वितळलेला डिंक ओढून काढायची पहिली ऊर्मी आवरा, कातडी सोबत येते. वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा, घड्याळ लावून. २० मिनिटं फार लांब वाटतात आणि लोक दोन मिनिटांत थांबतात. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, लोणी नाही. डिंक गार होऊन आपसूक सुटला तर सुटला, नाही तर तसाच राहू द्या. फोड आला, किंवा जागा चेहऱ्यावर, डोळ्याजवळ, बोटांच्या सांध्यावर असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

तुमचं पडलेलं गॅरेज टाकून द्यायची गरज नाही. सुटलेल्या जागी जुन्या डिंकाचा पापुद्रा असेल तर त्यावर नवा डिंक फासू नका, तो आत जिरू शकणार नाही. ओल्या फडक्याने पाच मिनिटं दाबून ठेवा. वॉशेबल डिंक असेल तर मऊ होऊन निघेल, नाही तर वरचा कागद सोलून घ्या आणि कोरडा होऊ द्या. मग भिंतींना आतून काटकोनी पट्ट्या, टेप, चिमटे, आणि त्या पूर्ण वाळल्यावरच मजला वर ठेवा. सगळं एका दमात करायला गेलात तर ओल्या पट्ट्या वजनाने सरकतील. उतार तिसऱ्या टप्प्यात. रंगवायची घाई मुलं करतीलच. पूर्ण एक दिवस थांबवा, कारण पाण्याचा रंग जाड फासला तर वॉशेबल डिंक पुन्हा ओला होतो आणि पुठ्ठाही लिबलिबीत होतो. दोन पातळ हात द्या, मध्ये वाळू द्या, आणि जोडांच्या जागी ब्रश जवळजवळ कोरडाच ठेवा.